अवसेचा वर्ग

सिद्रामआप्पांविषयी दोन पानं लिहून द्या, असं वडगावच्या विणकर गल्लीतल्या मंडळाच्या मुलांनी मला सांगितलं, तेव्हा मी मान हलवली. नाही म्हणायला मला जमत नाही. घरी येऊन कागद पुढे घेतला आणि लक्षात आलं, की या माणसाबद्दल मला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. आठ वर्षं आम्ही मिळून वर्ग घेतला खरा, पण महिन्यातून एकच दिवस, तोही संध्याकाळचे दोन-अडीच तास. ते सगळे तास एकत्र बांधले तर दहा-बारा दिवसांचं गाठोडं होईल. दहा-बारा दिवसांत माणूस किती कळणार?

त्यांचं आडनाव मला ते गेल्यावर कळलं. गल्लीच्या तोंडाशी काळ्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं. ते वाचताना क्षणभर वाटलं, हा कुणी दुसराच सिद्राम असेल. त्यांच्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नाही. निपाणीला त्यांची थोरली बहीण आहे एवढं माहीत होतं. तिच्याकडे गेले असतानाच ते झोपेत गेले, आणि मला ते चार दिवसांनी कळलं. तेव्हा हे लिहिताना काही चुकलं असेल तर त्यांच्या माणसांनी मला माफ करावं.

मी ड्राफ्ट्समन होतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मी रेघा ओढल्या. यंत्राचा सुटा भाग पुढे ठेवायचा, मापं घ्यायची, कागदावर उतरवायचा. माणसांशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला मानवलं. निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा एक मनुष्य टॉवेलमध्ये तुटलेलं दातेरी चाक गुंडाळून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. डोक्याला टोपी, केसांत आणि भुवयांत सुताचा बारीक तूस. हे सिद्रामआप्पा, वडगावचे जॉबर, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारे. जुन्या मागाचं चाक कुठे मिळत नव्हतं, तसंच नवीन ओतून हवं होतं. मी मापं घेतली आणि चित्र काढायला लागलो. ते जागचे हलले नाहीत. तासाभराने म्हणाले, "साहेब, हे असं कागदावर काढायला कुणालाबी येतंय?"

"शिकलं तर येतं," मी म्हणालो.

"म्हंजे शिकवलं तर," ते म्हणाले, आणि चाक पुन्हा टॉवेलात गुंडाळून निघून गेले.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्यांनी मला शनिवार खुटाच्या बाजारात भाजी घेताना हेरलं. मी ओळखलं नव्हतं, त्यांनी ओळखलं. आमच्या गल्लीतल्या पोरांना मी मागाचं शिकवतोय, म्हणाले. आठवी ते दहावीची पोरं. माग कसा चालतो ते मी सांगू शकतो, पण कागदावरचं मला येत नाही. ते तुम्ही सांगा. पोरं डिप्लोमाला गेली पाहिजेत, इंजिनियर झाली पाहिजेत. नुसत्या सुताच्या कांड्या भरून चालायचं न्हाय.

मी म्हणालो, मला शिकवता येत नाही. मी कधी चार माणसांपुढे बोललेलो नाही.

"बोलू नका की," ते म्हणाले. "काढून दावा."

वर्ग अमावस्येला असे. तिकडे तिला अवस म्हणतात. विणकरांचे माग महिनाभर चालू असतात, थांबतात ते अवसेला. त्या दिवशी माग पुसतात, तेल देतात, हळदकुंकू वाहून नारळ फोडतात आणि दिवसभर त्याला हात लावत नाहीत. घरात कांड्या भरणाऱ्या पोरांनाही तेवढीच सुट्टी. म्हणून आप्पांनी तो दिवस धरला होता. आमच्या टिळकवाडीत अमावस्येला कुणी नवं काम काढत नाही. पहिल्या वेळी मी पट्ट्या आणि कागदांची गुंडाळी घेऊन निघालो, तेव्हा माझी बायको कल्याणी दारात उभी राहिली.

"आज? अमावस्येला?"

"तिकडे चांगला दिवस मानतात."

"मग तिकडचंच नारळाचं खोबरं घेऊन या," ती म्हणाली. पुढे पुढे तीच कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करून ठेवायला लागली.

वर्ग भरायचा तो आप्पांच्या ओळखीच्या एका शेडमध्ये. सहा माग दोन ओळींत. एरवी त्या शेडमध्ये स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. अवसेला तिथे इतकं शांत असे, की उदबत्तीची राख पडलेली ऐकू येईल असं वाटे. छपराला दोन काचेची कौलं होती. त्यांतून उतरत्या उन्हाचे दोन पट्टे खाली येत आणि त्यांत तूस हळूहळू तरंगत राही, खाली पडतच नसे. पोरं मागांच्या मधल्या बोळात पोती टाकून बसत. कपाळाला कुंकू लावलेले माग त्यांच्या दोन्ही बाजूंना. मला पहिल्या दिवशी वाटलं, आपण कुठल्या तरी मोठ्या, झोपलेल्या जनावरांच्या गोठ्यात आलो आहोत.

आप्पा फळा वापरत नसत. ते म्हणायचे, "डोळं मिटा."

पोरं मिटायची.

"शामू, तुझा एक उघडा हाय."

"न्हाय आप्पा, त्यो तसाच असतोय."

"मग हात ठेव त्याच्यावर. आता सगळी धोटा हायसा, आडवा धागा घिऊन पळणारा. पोटात कांडी हाय. मागाच्या डाव्या कडंच्या पेटीत गप बसलायसा. मागनं काठीचा दणका बसला. निघाला. कुठनं चाललायसा?"

"ताण्याच्या मधनं," कुणीतरी म्हणे.

"वर काय हाय?"

"धागं."

"खाली?"

"धागंच."

"अंगाला लागत्यात?"

"न्हाय. लागलं तर तुटतील."

"मग ते वर कुणी धरलंय?"

असं ते चाले. वर कुणी धरलं, त्याला कुणी ओढलं, ओढणाऱ्याला कुणी फिरवलं. एकेक पोर डोळे मिटून मागाच्या पोटात आत आत जाई, आणि शेवटी मोटारीपर्यंत पोचे. मीही मिटत असे. मला कुणी सांगितलेलं नव्हतं. कारखान्यात मी हजारो सुटे भाग काढले होते, पण त्यांच्यामधून असा कधी गेलो नव्हतो. कधी कधी माझा डोळा लागायचा आणि जागा होईतो मला खरंच कळायचं नाही, की आपण डाव्या पेटीत आहोत की उजव्या.

त्यानंतर माझा तास. मी फारसं बोलत नसे, पुढची बाजू काढा, एवढंच म्हणे. मागाचा एखादा सुटा भाग मधल्या स्टुलावर ठेवायचो. तो समोरून, वरून, बाजूने कसा दिसतो ते पोरांनी काढायचं. दोन्हीकडून सारखाच दिसणारा एखादा साधा भाग मी आधी एकदा काढून दाखवी. कागद घरी नेऊन लाल पेन्सिलीने तपासायचे आणि पुढच्या अवसेला परत द्यायचे. पोरं कागद बघून जीभ चावत किंवा हसत. मला वाटे, चांगलं चाललं आहे.

पहिल्या काही वर्षांत तीन-चार मुलगे डिप्लोमाला गेले, दोघे आयटीआयला. मुली मात्र दहावी झाली की येईनाशा होत. कुणी आर्ट्सला, कुणी शिवणक्लासला, बहुतेक घरच्या मागावर. आप्पा कुणाला काही म्हणत नसत. पण वर्ग सुटल्यावर पोती झाडताना एकदा म्हणाले, "साहेब, मागावर बायका बसत्यात. दुरुस्तीला बापय येत्यात. असं का?" मी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

मग आरोही आली. नागुबाईची मुलगी. नागुबाईच्या घरात पुढच्याच खोलीत एक माग, तो ती स्वतः चालवायची. नवरा गोव्याला ट्रकवर. आरोही आठवीपासून वर्गाला येत होती, बोलायची कमी. धोट्याच्या खेळात मात्र ती सगळ्यांत आत जाई. एकदा आप्पांनी विचारलं, धागा तुटला तर माग आपोआप कसा थांबतो. आरोही डोळे मिटूनच सावकाश बोलत गेली, बोटं हवेत हलत होती, आणि तिने तो बारीक काटा, त्याची तार, तो खटका सगळं एकेक करून सांगितलं. डोळे उघडून म्हणाली, "आप्पा, मला हेच करायचंय. डिप्लोमा. मेकॅनिकल."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. टोपी काढली, झटकली, परत घातली.

ती दहावीला गेली तशी मी तिच्या कागदांकडे जरा जास्त लक्ष दिलं. आणि मला वाईट वाटायला लागलं. मुलीची रेघ स्वच्छ, माप अचूक, पण आकार चुकलेला. मी बिडाचा एक ब्रॅकेट ठेवला होता, मागात धोट्याला दणका देणारी काठी ज्यात बसते तो. त्याला उजव्या अंगाला कान, कानात भोक. हिने कान डावीकडे काढला. पाठीमागे एक उंचवटा आहे तो समोरून दिसत नाही, म्हणून तुटक रेघेने दाखवायचा. हिने तो ठसठशीत काढला. मी लाल केलं. पुढच्या अवसेला दुसरा भाग, पुन्हा तसंच. तिसरा, चौथा, तसंच. मी लाल करत गेलो. ती कागद घ्यायची, बघायची, घडी घालून दप्तरात ठेवायची. मी तिला काही विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही. आम्ही दोघंही त्या बाबतीत सारखीच होतो.

परीक्षा झाल्यावर आप्पांनी मला विचारलं, "साहेब, आरोहीचं कसं वाटतंय?"

मी खरं तेच सांगायचं ठरवलं. म्हणालो, "आप्पा, अभ्यासात हुशार आहे. पण तिला नजर नाही. वस्तू समोर असून दिसत नाही तिला. ड्रॉइंगमध्येच अडकेल. कॉमर्सला जाऊ दे."

आप्पांनी तेलाच्या डब्याचं झाकण लावलं. मग "व्हय," म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी ते जसंच्या तसं नागुबाईला सांगितलं.

निकाल लागला. आरोहीला चौऱ्याऐंशी टक्के. डिप्लोमाचे फॉर्म निघाले. त्या महिन्याची अवस माझी चुकली, पुण्याला लग्न होतं. परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाची कडी वाजली. आप्पा. आठ वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या घरी आले होते, आणि तेच शेवटचं. टॉवेलने खुर्ची झटकून कडेला बसले. काखेत कागदांची गुंडाळी.

"साहेब, नागुबाईचा माग दुरुस्त करायला गेलतो," ते म्हणाले. "खिडकीला काच न्हाय म्हणून तिनं पोरीचे हे कागद पाठ आत करून चिकटवलेत. मी खाली वाकून पट्टा बसवत होतो. वर बघितलं तर उजेडात ह्यो दिसला."

त्यांनी ब्रॅकेटचा कागद काढला आणि आमच्या खिडकीशी उलटा धरला. मागच्या बाजूने, उजेडाकडे. माझ्या लाल खुणा पुसटल्या. आणि रेघा सरळ झाल्या. कान उजवीकडे आला. जिथे असायला हवा तिथेच.

"मला कागदातलं कळत न्हाय," आप्पा म्हणाले. "पण ह्यो ब्रॅकेट मी चाळीस वर्षं हातात धरलाय. पोरीनं ह्यो पाठीमागनं काढलाय. पाठीमागनं बरोबर हाय. हाय का न्हाय, ते तुम्ही सांगा."

मी चष्मा लावला. दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. स्टुलाच्या पलीकडे उभं राहिलं तर वस्तू जशी दिसेल, अगदी तशी. एकाही कागदात एकही रेघ इकडची तिकडे नव्हती. पलीकडे न जाता, जागच्या जागी बसून तिने ते काढलं होतं. मला कारखान्यातही ते इतकं सहज जमलं नसतं.

तरी मी म्हणालो, "पण आप्पा, चूक ती चूक. परीक्षेत याला शून्य मिळेल."

"परीक्षेचं मागनं बघू. तिला नजर हाय का न्हाय?"

कल्याणी पोह्यांच्या बशा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. "तुम्ही असं म्हणालात, की त्या मुलीला नजर नाही?" तिने मला विचारलं. मग आप्पांकडे वळून म्हणाली, "आमच्याकडे चष्मा नाकावर असताना घरभर शोधतात."

आप्पा हसले नाहीत. पोहे खाल्ले, बशी खाली ठेवली. "परवा शेवटची तारीख हाय. तुम्ही चला."

"तुम्हीच सांगा ना त्यांना. मी चिठ्ठी लिहून देतो."

"मी सांगितलं तर पोरगी म्हणंल, आप्पा मन राखायला बोलत्यात. नजर न्हाय हे वाक्य तुमचं हाय, साहेब. माझं न्हाय."

दुपारी आम्ही वडगावला गेलो. बसमध्ये मी मनातल्या मनात चार वाक्यं जुळवली. गल्लीत शिरल्यावर मागांचा आवाज सुरू झाला, आणि नागुबाईच्या दारात पोचेपर्यंत ती चारही वाक्यं कुठे गेली कळलं नाही. खोलीत माग धडधडत होता. नागुबाई त्याच्यापुढे उभी, भिंतीशी आरोही कांड्या भरत बसलेली. तिने मला बघितलं आणि मान खाली घातली. बोलून उपयोग नव्हता. आप्पांनी नुसती दोन बोटं उचलून आडवी केली. माग चालू असताना ही माणसं अशी हातांनीच बोलतात. नागुबाईने माग बंद केला.

एकदम शांत झालं. माझ्या कानात मात्र धडधड चालूच होती.

"बसा साहेब," नागुबाई म्हणाली. "कॉमर्सचा फॉर्म आणलाय तिनं. तुमच्या सांगण्याबाहेर न्हाय आम्ही."

मी खाली पोत्यावर बसलो. कागद उलगडला. आणि जो प्रश्न मी वर्षभर विचारायला हवा होता तो विचारला. "बाळ, हे असं का काढलंस?"

आरोहीने कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालता, पुढची बाजू काढा."

"हो."

"मग काढली की. आपल्याकडं असत्या ती मागची न्हवं?"

मला कळेना. आप्पा गालातल्या गालात हसले. "साहेबांस्नी दाव," म्हणाले.

ती उठली आणि मागाजवळ गेली. मागावर साडी चढलेली होती, जांभळी, मोठ्या काठाची. वरून बघितलं तर काठावर नुसते सुटे धागे लोंबत होते, नक्षीचा पत्ता नव्हता. आरोहीने मागाच्या फळीवरचा एक छोटा आरसा घेतला, कापडाखाली धरला आणि मला वाकायला सांगितलं.

मी वाकलो. खाली अर्धवट अंधार होता. आरशात पिवळ्या रेशमाचे पोपट, एकामागे एक, चोचीत डाळिंबाची फांदी धरलेले. सगळे स्वच्छ, सगळे पूर्ण. मी मान वर केली, वर नुसते धागे. पुन्हा वाकलो, पोपट. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. त्या काठाखाली एक सबंध बाग होती, आणि या घरातली माणसं रोज तिच्या पाठीवर बसून काम करत होती.

"आमच्या मागावर कापड असंच येतंय," आरोही सांगत होती. "सुलटी बाजू खाली. विणणाऱ्याकडं कायम उलटी. आई म्हणत्या, पुढची बाजू डोक्यात बघायची. मी लहान हुतो तवापास्नं असंच बघतो." तिकडे मुलीही असंच बोलतात, हुतो, बघतो. "मग तुम्ही ते लोखंडाचं ठेवलं तवा मला वाटलं, तुम्हालाबी तेच पायजे. पलीकडचं."

मी कापडाखालीच होतो. तिथून बोलणं मला सोपं गेलं. म्हणालो, "माझं चुकलं. तुला नजर आहे. माझ्यापेक्षा जास्त आहे. मी विचारायला पाहिजे होतं."

वरून आरोहीचा आवाज आला. "मग ते लाल?"

"खोडून टाक."

"पेनानं खोडू का रबरानं?"

"कशानंही."

"पण परीक्षेत तुमच्यासारखंच काढायला लागंल न्हवं?"

"लागेल. इंजिनियर लोक अलीकडची बाजू काढतात. त्यांची तशी पद्धत आहे."

तिने थोडा विचार केला. "म्हंजे त्यांस्नी दिसतंय तेवढंच काढायचं," ती म्हणाली. "सोपंच हाय की मग."

आप्पा खो खो हसायला लागले. मीही कापडाखालून बाहेर आलो, डोक्याला सगळा तूस.

नागुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "फॉर्म भरायचा का न्हाय, तेवढं सांगा," ती म्हणाली. "दोन बापय माणसं आरशात तोंड घालून बसलीत, आणि माझा माग अवस नसताना बंद हाय."

"भरायचा," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या पटकन मी कुठलंच उत्तर दिलं नसेल.

"आणि गाडी ड्रॉइंगला अडकली तर?"

"मी शिकवीन."

"बोलून शिकवणार, का लाल करून?" आरोहीने विचारलं. आईने तिच्या पाठीत हलकीशी चापट मारली.

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि आरोही दाखले घेऊन सायबर कॅफेत गेले. दुपारी आप्पांनी कुणाच्या तरी फोनवरून मला कळवलं, फॉर्म गेला म्हणून. पुढचे तीन आठवडे मला स्वस्थता नव्हती. जागा न मिळाली तर ती माझ्या शब्दापायी नव्हे, हे मला कळत होतं, पण पटत नव्हतं. त्या दिवसांत ती आठवड्यातून दोनदा आमच्या घरी यायची, मांडीवर फळी घेऊन बसायची. अलीकडची बाजू तिला एका दुपारीत जमली. राहिलेले दिवस मी तिला इंग्रजी शब्द सांगितले, कारण तिथे सगळं इंग्रजीतून, आणि ती मराठी शाळेतली. ती मला मागाच्या भागांची तिकडची नावं सांगे. मला वाटतं, शब्द माझ्याकडेच जास्त जमले.

यादी लागली. बेळगावातलंच पॉलिटेक्निक, मेकॅनिकल. आरोहीने पेढे आणले तेव्हा आप्पा सोबत नव्हते. कुठल्या तरी मागाखाली झोपून पट्टा बसवत होते, ती म्हणाली.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या अवसेला वर्ग भरला. मी एक भाग स्टुलावर ठेवला आणि कागद वाटायच्या आधी उभा राहून विचारलं, तुम्ही कुठली बाजू काढणार? हात वर झाले, पोरं भांडायला लागली. शामू म्हणाला, वरची. का, तर तिथनं तेल घालायचं भोक दिसतंय. मला बोलताना घाम फुटला होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. आप्पा मागाला टेकून डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की झोपले होते, सांगता यायचं नाही.

कॉलेजचा पहिला दिवस आला. नागुबाईला मागावरून उठता येत नव्हतं, म्हणून आप्पा आणि मी आरोहीला पोचवायला गेलो. वर्कशॉपच्या दारात पाच-पन्नास मुलगे उभे होते, आणि मुली बोटांवर मोजण्याइतक्या. आरोही आमच्याकडे बघून "जातो" म्हणाली आणि आत गेली. आतून लेथ यंत्राचा आवाज येत होता. आप्पा तिथेच उभे राहिले. चेहऱ्यावरून वाटलं, ते डोळे उघडे ठेवून कुठल्या तरी यंत्राच्या आतून चालले आहेत. मी त्यांना हाक मारली नाही. का केलं हे सगळं तुम्ही, असं त्यांना विचारावं असं मला त्या दिवशी फार वाटत होतं. पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, अवसेला हाताला काम नसतंय, म्हणून. आणखी काही कारण असेल तर ते मला माहीत नाही.

परत येताना शहापूरकडे जाणारी बस मिळाली. दोघांनाही बसायला जागा मिळाली, हे नवलच. बाहेर झिमझिम होती. खिडकीची काच धुरकट झाली होती आणि रस्त्यावरची दुकानं पाण्याखालून गेल्यासारखी मागे जात होती. आप्पा दोन दिवसांनी निपाणीला जाणार होते, बहिणीला बरं नव्हतं. त्यांनी तिकिटाची घडी करून टोपीत खोचली. मग म्हणाले, "साहेब, आज पयल्या दिवशी काय काढायला लावत्यात त्यांस्नी?"

"अक्षरं," मी म्हणालो. "ए पासून झेडपर्यंत. आणि आकडे."

"नुसती अक्षरं?"

"पहिला आठवडाभर तेच. सगळी एका उंचीची यायला पाहिजेत."

"मग बरं हाय," आप्पा म्हणाले. बस हळू झाली. त्यांनी बाहीने काच पुसून बाहेर बघितलं. "उतरा साहेब, तुमचं टिळकवाडीचं पयलं गेट आलं."

"येतो आप्पा."

"व्हय, या."